ओपीडी संपल्यावर उरते ते संशोधन

१९५२ सालची गोष्ट. परळच्या केईएम रुग्णालयात रुग्णाला रक्त द्यायचे होते आणि कोणाचेच रक्त जुळेना. नेहमीच्या तपासणीत गट ‘ओ’ वाटत होता, पण ‘ओ’ गटाच्या दात्याचे रक्त त्याच्या रक्ताशी जुळवून पाहिले की गुठळ्या दिसत. अशा वेळी कामाच्या रेट्यात असलेला माणूस कागदावर ‘जुळत नाही’ एवढे लिहून पुढच्या नमुन्याकडे वळला असता, तर त्याला कोणी दोष दिला नसता. शेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालयातले डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांचे सहकारी देशपांडे व भाटिया वळले नाहीत. त्यांनी अशाच आणखी रक्तांचा माग काढला, नमुने लंडनच्या लिस्टर संस्थेतल्या तज्ज्ञांना दाखवले आणि त्याच वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये निबंध छापून आला. ए, बी आणि ओ या तिन्ही गटांच्या मुळाशी असलेला ‘एच’ हा घटकच या लोकांच्या रक्तपेशींवर नसतो. जगभरच्या रक्तपेढ्या आज त्या गटाला ‘बॉम्बे’ म्हणतात आणि त्या गटाच्या माणसाला त्याच गटाच्या दात्याचे रक्त लागते.

वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आणि साधे रुग्णालय यांतला फरक हाच. दोन्हीकडे रुग्ण बरा व्हावा अशीच धडपड असते. पण एकात ‘हे असे का झाले’ असे विचारायला आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत मागे लागायला कोणाला तरी पगार मिळत असतो. निदान तशी अपेक्षा असते.

ती अपेक्षा आज कितपत पुरी होते? दिल्लीतील ज्येष्ठ शल्यचिकित्सक डॉ. समीरन नंदी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशातील ५७९ वैद्यकीय संस्थांचे २००५ ते २०१४ या दहा वर्षांतले संशोधन मोजले. ३३२ संस्थांनी, म्हणजे निम्म्याहून अधिक संस्थांनी, दहा वर्षांत एकही शोधनिबंध प्रसिद्ध केला नव्हता. वर्षाला शंभराहून अधिक निबंध देणाऱ्या संस्था होत्या अवघ्या २५ आणि देशातल्या एकूण निबंधांपैकी चाळीस टक्के त्यांच्याच नावावर होते. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स जनरल हे एकटे रुग्णालय तेव्हा वर्षाला साडेचार हजारांवर निबंध प्रसिद्ध करत होते. आकडे २०१६ मध्ये छापून आले, थोडा गवगवा झाला आणि नेहमीप्रमाणे विरला.

निबंधांची संख्या म्हणजे संशोधन नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. त्याकडे पुढे येऊच. पण शून्य हा आकडा वेगळ्या प्रकारे बोलतो. ज्या रुग्णालयात रोज हजारभर माणसे केस पेपर काढतात, तिथे दहा वर्षांत कोणालाही लिहून ठेवण्याजोगे काही आढळले नाही, यावर विश्वास ठेवणे कठीण आहे. आढळले असणारच. ते पाहायला, मोजायला आणि लिहायला सवड झाली नाही.

सवडीचा हिशेब मांडून पाहावा. शासकीय महाविद्यालयातील एखाद्या तरुण सहायक प्राध्यापकाचा दिवस सकाळच्या राऊंडने सुरू होतो. मग बाह्यरुग्ण विभाग. ओपीडीची वेळ कागदोपत्री दुपारी संपते, रांग त्यानंतर संपते. मध्येच पदवीच्या विद्यार्थ्यांचे लेक्चर, निवासी डॉक्टरांचे प्रश्न, आठवड्यातून एकदा किंवा दोनदा आणीबाणीची ड्युटी. शिवाय न्यायालयातील साक्ष, दिव्यांग प्रमाणपत्रांचे मंडळ, मंत्र्यांच्या दौऱ्यासाठी वैद्यकीय पथक, औषध खरेदीची समिती. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाची तपासणी जवळ आली की एका महाविद्यालयातले अध्यापक दुसऱ्या महाविद्यालयात ‘प्रतिनियुक्ती’वर पाठवण्याची जुनी रीत आहेच, त्यात बॅग भरायचा वेळही धरावा लागतो. हे सगळे उरकून जे उरते ते संशोधन. नियमांत रुग्णसेवा, अध्यापन आणि संशोधन हे तिन्ही शब्द एका ओळीत असतात. घड्याळात मात्र पहिल्या दोनांचीच सोय आहे.

वेळ नसताना पदोन्नतीसाठी निबंध मात्र लागतात. सहायक प्राध्यापकाचा सहयोगी प्राध्यापक व्हायचे तर अमुक इतके निबंध आणि संशोधनपद्धतीचा एक ऑनलाइन अभ्यासक्रम, अशी अट आली. अटीमागचा हेतू चांगला होता. परिणाम काय झाला, तर पैसे घेऊन आठवड्याभरात काहीही छापणारी नियतकालिके भरभराटीला आली. बढतीच्या फाइलला लागणारा निबंध आणि रुग्णाच्या उपयोगी पडणारा निबंध यांच्यात फरक करायला अटीने शिकवलेच नाही. निबंध मोजणे सोपे असते. वेळ देणे खर्चिक असते. यंत्रणेने सोपे ते निवडले.

आता केईएमपासून हाकेच्या अंतरावर असलेल्या टाटा मेमोरियल रुग्णालयाकडे यावे. स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया करताना गाठीला हात लागतो, तेव्हा काही पेशी सुटून रक्तात जात असतील आणि पुढे दुसरीकडे रुजत असतील, अशी शंका जुनीच. कापण्याआधी सात ते दहा मिनिटे गाठीभोवती साधे भुलीचे इंजेक्शन, म्हणजे दातांच्या दवाखान्यात वापरतात ते लिग्नोकेन, टोचले तर? टाटातील डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांनी देशातील ११ केंद्रांवर सुमारे १६०० स्त्रियांमध्ये हा प्रश्न तपासला. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा पद्धतीने निम्म्या जणींना इंजेक्शन मिळाले, निम्म्यांना नाही. बाकी उपचार सारखेच. पाच वर्षांनंतर इंजेक्शन मिळालेल्यांपैकी ९०.१ टक्के हयात होत्या, न मिळालेल्यांपैकी ८६.४ टक्के. फरक चार टक्क्यांहून थोडा कमी. पण हे औषध शंभर रुपयांच्या आत येते, त्यासाठी नवे यंत्र लागत नाही आणि तालुक्याच्या ठिकाणच्या सर्जनलाही ते टोचता येते. काम २०११ मध्ये सुरू झाले, निष्कर्ष २०२२ मध्ये जाहीर झाले आणि पुढच्या वर्षी छापून आले.

ही चाचणी कोणत्या औषध कंपनीने केली असती? कोणत्याच नाही. लिग्नोकेनचे पेटंट कधीच संपले आहे. त्यात मिळवण्यासारखे काही नाही. कंपनी नवे औषध तपासते, कारण तिला ते विकायचे असते, आणि त्यात गैर काही नाही. पण जुने औषध नव्या जागी चालेल का, महागडे औषध कमी मात्रेत पुरेल का, दिले जाणारे औषध मुळात द्यायला हवे का, हे प्रश्न कंपनीच्या ताळेबंदात बसत नाहीत. टाटाच्याच डॉक्टरांनी डोके व मानेच्या कर्करोगात निव्होलुमॅब हे अतिशय महाग औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, तीन आठवड्यांतून एकदा २० मिलिग्रॅम, असे देऊन पाहिले. दीडशे रुग्णांच्या त्या चाचणीत वर्षभर जगलेल्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. तुलना औषध अजिबात न मिळालेल्यांशी होती, पूर्ण मात्रा घेणाऱ्यांशी नव्हे, हे खरे. पण भारतातल्या बहुसंख्य रुग्णांपुढे पूर्ण मात्रा हा पर्याय कधी होता? हा प्रश्न ज्याच्या वॉर्डात असे रुग्ण रोज येतात त्यालाच सुचू शकतो.

टाटाला जमते ते इतरांना का जमत नाही, यावर ‘त्यांच्याकडे पैसा आहे’ असे उत्तर हमखास मिळते. पैसा आहेच, १९६२ पासून ते रुग्णालय अणुऊर्जा विभागाकडे आहे. पण तेवढ्यानेच झालेले नाही. तिथले डॉक्टर पूर्णवेळचे आहेत. एकेका कर्करोगासाठी सर्जन, किरणोपचारतज्ज्ञ, पॅथॉलॉजिस्ट असे सगळे एका गटात बसतात. चाचण्यांची कागदपत्रे सांभाळायला, रुग्णाला दोन वर्षांनी फोन करून ‘कसे आहात’ विचारायला, आकडे तपासायला वेगळी माणसे आहेत. आणि तिथे लागलेल्या तरुण डॉक्टरला साधारण ठाऊक असते की दहा वर्षांनी आपण कुठे असू.

या शेवटच्या गोष्टीवर थोडे थांबायला हवे. महाराष्ट्रातील शासकीय महाविद्यालयांत कितीतरी सहायक प्राध्यापक कंत्राटावर आहेत. नेमणूक कधी १२० दिवसांची, कधी ३६४ दिवसांची. मुदत संपली की एक दिवस खंड आणि पुन्हा मुलाखत. अशा माणसाने अकरा वर्षे चालणारा प्रश्न हाती घ्यावा, ही अपेक्षा कोणी कोणत्या तोंडाने करावी? तो शहाणा असेल तर संध्याकाळी एखाद्या खासगी दवाखान्यात बसतो आणि घराचे हप्ते फेडतो. व्यवसायरोध भत्ता घेऊन प्रॅक्टिस न करण्याचे पथ्य पाळणाराही शेजारच्या गल्लीतल्या वर्गमित्राची गाडी पाहतोच. त्याला स्वार्थी म्हणणे सोपे आहे. पण समाजाने ज्याला दर वर्षी नव्याने उमेदवार केले आहे, त्याच्याकडून दीर्घ निष्ठा मागण्याचा हक्क समाजाला उरत नाही.

डॉक्टरांबरोबरच्या इतरांचे हाल तर कोणी मोजतही नाही. चाचणीतला खरा राबणारा माणूस असतो तो समन्वयक किंवा संशोधन परिचारिका. रुग्णाच्या भाषेत, म्हणजे पुस्तकी मराठीत नव्हे, संमतिपत्र समजावून सांगणे, ‘नाही म्हटलं तरी उपचार थांबणार नाहीत’ हे त्याला पटेल असे सांगणे, गावी गेलेल्या रुग्णाचा बदललेला मोबाइल नंबर शोधून काढणे, ही कामे तीच करते. ती नेमणूक प्रकल्पाच्या अनुदानाला बांधलेली. प्रकल्प संपला की नोकरी संपली, आणि पाच वर्षांत कमावलेले कसब घेऊन ती एखाद्या खासगी संशोधन कंपनीत जाते. पुढच्या प्रकल्पासाठी नवी मुलगी, नवे प्रशिक्षण. संख्याशास्त्रज्ञाची गोष्टही वेगळी नाही. अभ्यास संपल्यावर आकड्यांचा गठ्ठा घेऊन ‘यातून काहीतरी काढून द्या’ म्हणून त्याच्याकडे धाव घेतली जाते. तो आधी भेटला असता तर अर्धे आकडे गोळाच करावे लागले नसते.

परदेशात हे आपोआप झाले असे मानण्याचे कारण नाही. रुग्ण पाहून संशोधन करणारा डॉक्टर ही नामशेष होत चाललेली जात आहे, असा इशारा अमेरिकेत जेम्स वायनगार्डन यांनी १९७९ मध्येच दिला होता. तिथल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेची तरुण चिकित्सक-संशोधकांसाठी जी अनुदाने आहेत, त्यांत अट अशी की उमेदवाराचा तीन चतुर्थांश वेळ संशोधनासाठी राखलेला असला पाहिजे आणि तशी हमी त्याच्या रुग्णालयाने द्यायची. ब्रिटनमध्ये २००५ च्या वॉलपोर्ट अहवालानंतर शिकाऊ डॉक्टरांसाठीच एक वेगळी वाट आखली गेली. त्यात सुरुवातीला चौथा हिस्सा आणि पुढच्या टप्प्यात निम्मा वेळ संशोधनाला मिळतो. दोन्हीकडे पैशांइतकीच वेळेची तरतूद कागदावर आहे. आपल्याकडे इंडिया अलायन्सच्या अधिछात्रवृत्त्यांमुळे आणि आयसीएमआरच्या योजनांमुळे काही मोजक्यांना असे दार उघडले. वैद्यकीय महाविद्यालयांत बहुविद्याशाखीय संशोधन कक्ष उभारण्याची केंद्राची योजनाही दहा वर्षांहून जुनी आहे. यंत्रे आली, खोल्या झाल्या. त्या खोलीत दुपारी दोन ते पाच बसायची मुभा कोणाला आहे, हे कोणी लिहून ठेवले नाही.

‘आमच्या रुग्णांवर प्रयोग नकोत’ हा सूर समाजात आहे आणि तो निराधार नाही. औषधांच्या चाचण्यांमध्ये गरिबांच्या संमतीची थट्टा झाल्याची प्रकरणे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. २०१३ नंतर नियम कडक झाले, २०१९ मध्ये नवी नियमावली आली. ते झाले ते बरेच झाले. पण पुराव्याशिवाय औषध देणे हाही प्रयोगच असतो. फक्त त्यात नोंद ठेवली जात नाही आणि संमती घेतली जात नाही.

गुळवेलीचे उदाहरण घ्या. केईएममध्ये औषधशास्त्राच्या डॉ. शरदिनी डहाणूकर, डॉ. निर्मला रेगे आणि शल्यचिकित्सक डॉ. रवी बापट यांनी पित्तमार्ग अडून झालेल्या काविळीच्या रुग्णांना शस्त्रक्रियेआधी गुळवेल देऊन पाहिली. सर्जन, औषधशास्त्रज्ञ आणि आयुर्वेद यांना एका टेबलाशी बसवणारे ते काम १९९३ मध्ये छापून आले. अभ्यास लहान होता, निष्कर्ष आशादायक होता. पुढे काय व्हायला हवे होते, तर राज्यातल्या दहा रुग्णालयांत मोठी चाचणी. झाले काय? कोविडच्या काळात गुळवेलीचा काढा घराघरांत शिजला, आणि २०२१ मध्ये मुंबईतल्याच यकृततज्ज्ञांनी तो घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद केली. आयुष मंत्रालयाने तिला हरकत घेतली, वनस्पती ओळखण्यात चूक झाली असावी असे म्हटले. दोन्ही बाजूंनी दूरचित्रवाणीवर तावातावाने भांडण झाले. ज्या जागी ते शांतपणे सुटले असते ती जागा परळला, नागपूरला, मिरजेला, संभाजीनगरला तयार आहे: रुग्ण आहेत, प्रयोगशाळा आहेत, नीतिमत्ता समित्याही आहेत. नाही ती प्रश्नाच्या मागे तीन-चार वर्षे राहू शकेल अशी माणसांची फळी.

गंमत म्हणजे महाराष्ट्रातले काही उत्तम चिकित्सा-संशोधन विद्यापीठीय रुग्णालयांच्या बाहेर झाले आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशावर प्राझोसिन हे औषध कसे वापरावे ते कोकणात राहून शोधले आणि ‘लॅन्सेट’पर्यंत नेले. बारामतीच्या गिरिराज हॉस्पिटलमधील डॉक्टरांनी कीटकनाशकाच्या विषबाधेत प्रॅलिडॉक्झिम हे औषध मोठ्या मात्रेत सलग दिल्यास काय होते ते दोनशे रुग्णांमध्ये तपासले. तो निबंधही २००६ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. निष्कर्ष औषधाच्या बाजूने होता. तीन वर्षांनी श्रीलंकेतील चाचणीत वेगळ्या मात्रेने दिलेल्या त्याच औषधाचा फायदा दिसला नाही. मग खरे कोणाचे? यवतमाळ-अकोल्याच्या वॉर्डांत हा प्रश्न दर हंगामात फवारणीबरोबर येतो. विदर्भातल्या महाविद्यालयांनी मिळून तो एकदा तडीस नेला तर जगभरच्या शेतकऱ्यांना उपयोग होईल. व्यक्तीच्या जिद्दीने सुरुवात होते, हे महाड आणि बारामतीने दाखवले. वाद मिटवायला मात्र अनेक रुग्णालये आणि बरीच वर्षे लागतात. ते एकट्याचे काम नाही.

देशात २०१४ पूर्वी ३८७ वैद्यकीय महाविद्यालये होती. दहा वर्षांत ती ७८० च्या घरात गेली आणि पाच वर्षांत आणखी ७५ हजार जागांची घोषणा झाली आहे. इतके अध्यापक आणायचे कुठून? २०२५ च्या नव्या नियमांनी २२० किंवा अधिक खाटांच्या शासकीय रुग्णालयांतल्या दहा वर्षे अनुभवी तज्ज्ञांना थेट सहयोगी प्राध्यापक होण्याची वाट मोकळी केली. यावर नाके मुरडण्याचे कारण नाही. जिल्हा रुग्णालयात दहा वर्षे काढलेल्या भिषकाकडे प्रश्नांची जी शिदोरी असते ती ग्रंथालयात मिळत नाही. पण त्याला प्राध्यापकाची पाटी दिली आणि खाटांचा भार तोच ठेवला, तर महाविद्यालय वाढेल आणि नंदींच्या यादीतल्या शून्यांची संख्याही.

बदलाला मोठ्या घोषणांची गरज नाही. प्रत्येक महाविद्यालयाने निवडक अध्यापकांना, चार-पाच जणांनाच का होईना, आठवड्यातून दोन दिवस ओपीडीतून मोकळे करावे आणि त्यांच्या जागी भरणा करावा. भरणा न करता मोकळे केले तर सहकारी शिव्या देतील आणि ते बरोबरच असेल. समन्वयक आणि संख्याशास्त्रज्ञ यांची पदे प्रकल्पातून काढून आस्थापनेवर आणावीत. तीन वर्षांनी निबंध किती यापेक्षा प्रश्न कोणता होता आणि त्याचे काय झाले, हे विचारावे. मंजूर औषधाचा नवा उपयोग तपासणाऱ्या शैक्षणिक चाचणीला २०१९ च्या नियमांनुसार नीतिमत्ता समितीची परवानगी पुरते, दिल्लीला खेटे घालावे लागत नाहीत. ही सवलत कित्येक विभागांना माहीतही नाही.

आणि एक गोष्ट तर पैशाशिवाय होण्यासारखी आहे. एम.डी., एम.एस.च्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावा लागतो. नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे दरवर्षी असे प्रबंध येतात. बहुतेकांत पन्नास-साठ-शंभर रुग्ण, विषय गेल्या वर्षीच्या प्रबंधाच्या शेजारचा, निष्कर्ष ‘अधिक अभ्यासाची गरज आहे’. मग काळे कापडी बाइंडिंग आणि कपाट. त्याऐवजी विद्यापीठाने दर वर्षी दहाच प्रश्न ठरवावेत, सर्पदंश, सिकलसेल, उष्माघात, डेंग्यू, फवारणीची विषबाधा असे, आणि वीस महाविद्यालयांतल्या विद्यार्थ्यांनी एकाच पद्धतीने, एकाच नमुन्यात नोंदी केल्या, तर साठ रुग्णांचे बाराशे होतात. प्रत्येकाचा प्रबंध वेगळा राहू शकतो, आकडे एकत्र येऊ शकतात. मार्गदर्शकांना आपापसांत फोन करावे लागतील आणि नावांच्या क्रमावरून रुसवेफुगवेही होतील. तेवढे सोसावे लागेल.

पदव्युत्तर प्रवेश झाले की नवे निवासी डॉक्टर वॉर्डात हजर होतात. पहिल्याच वर्षी त्यांना प्रबंधाचा विषय द्यावा लागतो, आणि बहुतेक जण तो शोधायला आधी ग्रंथालयातल्या त्या काळ्या बाइंडिंगच्या कपाटाकडेच जातात.